अनुभवी संगणकशास्त्र शिक्षकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण हवे आहे (श्रीगणेशा सोडून)

नमस्कार. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका पदवीपूर्व महाविद्यालयात मी अठरा वर्षे संगणकशास्त्र शिकवतो. त्यांतील बहुतेक वर्षे सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवण्यात गेली; आता तिच्या जागी पायथन आले आहे आणि फाइल हाताळणी, स्टॅक (चवड), क्यू (रांग), एसक्यूएल (माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा) असा एनसीईआरटीच्या पुस्तकांचा क्रम आहे. भाषा बदलली म्हणून गेल्या दोन वर्षांत मी चार ऑनलाइन प्रशिक्षणे पूर्ण केली. चारही ठिकाणी ‘चल (व्हेरिएबल) म्हणजे काय’ येथूनच सुरुवात झाली आणि शेवटी काही बहुपर्यायी प्रश्न सोडवल्यावर प्रमाणपत्र हाती पडले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाच्या संधींत भाग घ्यावा असे म्हटले आहे. माझे तास भरले, पण वर्गात जेथे अडते तेथे त्यांचा उपयोग झाला नाही.

कोठे अडते ते सांगतो. पायथनमध्ये ‘ए’ ही यादी (लिस्ट) ‘बी’ या दुसऱ्या चलाला दिली आणि ‘बी’मध्ये एक घटक जोडला, की तो ‘ए’मध्येही दिसतो, मुलांना वाटते, यंत्रच चुकले. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आले की ही चूक मीच पेरली होती. चल म्हणजे डबा, हा दृष्टान्त मी सी++च्या सवयीने देत आलो. तेथे एका चलातील संख्या दुसऱ्यात घातली की तिची प्रत होते, म्हणून तो खपून गेला. पायथनमध्ये चल हे केवळ नाव असते. एकाच मुलाला घरी बाळू आणि हजेरीत बाळकृष्ण म्हणावे, तसे. अशा चुका कोठून येतात आणि त्या कशा ओळखाव्यात, हे शिकवणारे प्रशिक्षण मला हवे आहे.

माझी बरीच मुले जांबोटी-कणकुंबी भागातील, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि अकरावीत एकदम इंग्रजीत येतात. शेजारच्या बाकावर कन्नड माध्यमाची मुले असतात. (स्टॅकसाठी दुरडीतल्या भाकऱ्यांची चवड सांगितली की दोन्हींकडची हसतात आणि समजतेही.) पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची, त्यामुळे ठरलेल्या वेळी थेट हजर राहण्याची अट असलेले वर्ग मला झेपत नाहीत. कोणी स्वतः पूर्ण केलेला अभ्यासक्रम सुचवाल का?

प्रतिसाद १ (निपाणी)

सर, विषयज्ञानासाठी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरील चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनमधील डेटा स्ट्रक्चर (माहितीची मांडणी) आणि अल्गोरिदमचा (उत्तर काढण्याच्या रीतींचा) आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम पाहावा. तो मसावि काढण्याच्या युक्लिडच्या रीतीपासून सुरू होतो, त्यामुळे आपला वेळ वाया जाणार नाही. व्याख्याने विनामूल्य आणि ध्वनिमुद्रित आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. मात्र आपण डब्याविषयी जे लिहिले आहे, त्याचे उत्तर तेथे मिळणार नाही, कारण तो अभ्यासक्रम शिकणाऱ्यासाठी आहे, शिकवणाऱ्यासाठी नाही.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल (सॉफ्टवेअर शिकवणारे ध्वनिचित्रपाठ) मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. ते आपल्याला फार प्राथमिक वाटेल. मुलांना जरूर द्यावे.

प्रतिसाद २ (बेळगाव)

शिकवण्याच्या पद्धतीकडे वळायचे असेल, तर ‘प्रिम’ ही रीत शोधून वाचा. तिच्यात तयार प्रोग्राम आधी दाखवायचा, त्याचे उत्तर काय येईल याचा अंदाज मुलांकडून लिहून घ्यायचा, मग तो चालवायचा, तपासायचा, थोडा बदलायचा आणि सर्वांत शेवटी नवा लिहायला सांगायचा. अंदाज लिहून घेण्याची ही पायरीच आपल्या ‘ए’ आणि ‘बी’ची चूक पहिल्या दिवशी उघडी पाडेल. रास्पबेरी पाय फाउंडेशनने शिक्षकांसाठी यावर इंग्रजीत बरेच साहित्य विनामूल्य ठेवले आहे. दुसरे म्हणजे पार्सन्स कोडी : बरोबर प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि मुलांनी त्या क्रमाने लावायच्या. कागदाच्या पट्ट्यांवर जमते, वीज लागत नाही. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाळा उपक्रमातही संगणकाविना करण्याचे उपक्रम आहेत, परंतु ते मुख्यतः खालच्या इयत्तांसाठी आहेत.

माझे मत विचाराल तर अठरा वर्षांनंतर पाचवे प्रमाणपत्र घेऊ नये. आपण चार-पाच जणांनी पंधरा दिवसांतून एकदा, नावे झाकून, मुलांनी लिहिलेले चुकीचे प्रोग्राम एकमेकांना पाठवावेत आणि त्यामागे मुलाने काय विचार केला असेल, यावर सवडीने लिहावे. थेट हजेरीची गरज नाही.

मूळ लेखक

दोघांचेही आभार. युक्लिडपासून सुरुवात करतो आणि पार्सन्स कोडी या सोमवारीच लावून पाहतो. शेवटची सूचना मला मान्य आहे. कन्नड माध्यमाच्या मुलांना शिकवणारे एक सहकारीही यायला तयार आहेत. पहिला प्रोग्राम त्या यादीचाच पाठवतो. आणखी कोणाला यायचे असल्यास येथेच कळवावे.