सीएनसी ऑपरेटरचं मूल्यमापन: नुसते पीस मोजून चालेल का?

चाकणकर:
जॉबवर्कचं (दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देण्याचं) युनिट, ८ सीएनसी लेथ (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारी लेथ मशीन), दोन शिफ्ट. एप्रिलची पगारवाढ तोंडावर आलीय आणि दोन्ही सुपरवायझरनी सगळ्यांना पाचपैकी चार देऊन टाकलेत. मालक म्हणतात, शिफ्टला पीस किती काढले तेवढंच बघा. मग मोजायचं तरी काय?

मायक्रॉन:
पीस मोजायला लागलात की पोरं ऑफसेट (टूल झिजलं की मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) न देता रेटतात. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजतो, ओडी (पार्टचा बाहेरचा व्यास) वाढत जातो आणि रिजेक्शन पुढच्या शिफ्टच्या नावावर पडतं. ओईई काढा, म्हणजे हाताशी असलेल्या वेळेपैकी किती वेळ ओके नग काढण्यात गेला ते. ४८० मिनिटांतून जेवण-चहाची ३० वजा, राहिली ४५०. मशीन ४५ मिनिटं बंद, म्हणजे चालली ४०५. सायकल (एका नगाचा वेळ) ३ मिनिटांची, तर १३५ नग हवेत. निघाले १२०, त्यात ओके ११४. ११४ नगांची ३४२ मिनिटं भागिले ४५०, ओईई ७६ टक्के.

पण हा आकडा मशीनचा, माणसाचा नव्हे. ती ४५ मिनिटं कशात गेली? मटेरियल नव्हतं, लाइट गेली, स्टोअरला इन्सर्ट नव्हता, हे ऑपरेटरच्या माथी मारू नका. कास्टिंगमधला ब्लोहोलही (ओतकामात राहिलेली हवेची पोकळी) त्याचा दोष नाही. फर्स्ट पीस (पहिला नग) तपासून पास न करता लॉट चालवला, तर ते मात्र त्याचंच. म्हणून डाउनटाइम (मशीन बंद राहिल्याच्या) शीटवर कारणाचा कोड हवा, तोही तेव्हाच्या तेव्हा. शिफ्ट सुटताना भरलेल्या शीटवर सगळीकडे 'मशीन बंद' एवढंच सापडतं.

नाशिक_एचआर:
मार्चमध्ये बसून वर्ष आठवायला गेलं की शेवटचे दोन महिनेच आठवतात, म्हणून सरसकट चार. दर महिन्याला प्रत्येकाच्या नावे दोन ओळी लिहा. "कामात लक्ष नाही" चालणार नाही. "१२ तारखेला फर्स्ट पीस न दाखवता ४० नग चालवले, ३१ रिजेक्ट" असं हवं. मग दोन्ही सुपरवायझरना एका टेबलावर बसवा. नोंद दाखवता आली तर चार, नाहीतर तीन.

चाकणकर:
एक जण खरंच मागे आहे. सेटिंगला (मशीनवर पार्ट आणि टूल बसवून तयारी करायला) दोन तास लावतो, बाकीचे सव्वा तासात उरकतात. मालक त्याला काढून टाका म्हणतायत.

नाशिक_एचआर:
आधी तो अडतो कुठे ते बघा: जॉ बोअरिंग (पार्ट पकडणारे जॉ मापात कापणं), टूल ऑफसेट की ड्रॉइंग वाचणं? मग ६० दिवस द्या, लेखी. सेटिंगचा वेळ महिन्यात १०० मिनिटांवर, दोन महिन्यांत ८५ वर. दर शनिवारी १५ मिनिटं बसून आकडे दाखवा, सही घ्या. कायम कामगार असेल तर नुसत्या मार्कांवर घरी पाठवू नका. निष्काळजीपणाचा ठपका ठेवायचा तर आरोपपत्र आणि चौकशी आलीच.

मायक्रॉन:
नवे पार्ट त्याच्याच मशीनवर चढतात का तेही तपासा. रिपीट जॉबवाल्याचा सव्वा तास आणि नव्या पार्टचे दोन तास एका मापाने मोजता येत नाहीत.