शिबिरानंतर घरी ध्यानाला बसवतच नाही, सोडून द्यावं का?

मांजलपूरकर:
नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, घरात बुद्धवंदना लहानपणापासून आहे पण ध्यान वगैरे कोणी केलं नव्हतं. दिवाळीनंतर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, शेवटी शेवटी अंगभर असे बारीक तरंग उठायचे की वाटलं आपल्याला सापडलं. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ तास तास बसायचं असतं ना, सुरुवातीला बसले, आता पहाटे अलार्म वाजला की चक्क राग येतो. बसलं की ऑफिसचे मेल, भांडी, नाहीतर सरळ झोप, आणि तरंग कुठले, नुसता गुडघा. बाबा म्हणतात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा नीट पाळ, डोळे मिटून कोणाचं काय झालंय. खूप हिरमोड झालाय, वाटतं हे आपलं काम नाहीच.

रावपुरा_भाऊ:
ताई तरंगांचं डोक्यातून काढा आधी. विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी शिबिराच्या प्रवचनात परत परत सांगतात ना, संवेदना कशी आली त्यावर प्रगती मोजू नका, समता, म्हणजे मनाचा तोल, किती टिकली ते बघा. तुम्ही बसता ते मागच्या अनुभवाची वाट बघत, मग गुडघा दुश्मन वाटणारच. आणि झोपेचं एवढं मनाला लावून घेऊ नका, बुद्धांचे पट्टशिष्य महामोग्गल्लान अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, व्हायच्या आधी ध्यानात पेंगत होते. अंगुत्तर निकाय ह्या पाली ग्रंथात सुत्तच (बुद्धांचा उपदेश) आहे, भगवंत त्यांना एकेक उपाय सांगतात, कान ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव, ताऱ्यांकडे बघ, चंक्रमण कर म्हणजे फेऱ्या मार, आणि एवढं करून नाहीच गेली तर उजव्या कुशीवर झोप 😄 मला हे फार आवडतं.

फतेहगंज_काकू:
अगं राग येतो तर येऊ दे की. सतिपट्ठान सुत्तात नीवरणांचा, म्हणजे ध्यानातल्या अडथळ्यांचा भाग बघ, मनात व्यापाद म्हणजे राग-द्वेष असेल तर 'आहे' असं जाणायचं, नसेल तर 'नाही' असं जाणायचं. म्हणजे राग गेला की मग ध्यान सुरू असं नाहीये, तो अलार्मचा राग छातीत बसतो का जबड्यात ते बघत बसलीस तरी तुझा तास सत्कारणी लागला. तास झेपत नसेल तर वीस मिनिटं बस, पण सोडायचं की नाही ते पहाटे अंथरुणात ठरवू नकोस, दुपारी ठरव.
भाऊंचं एक मला तेवढं पटत नाही. सगळीच अपेक्षा वाईट नसते. मज्झिम निकायात धम्मदिन्ना थेरी (भिक्खुणी) विशाख नावाच्या उपासकाला सांगते की मुक्तीच्या ओढीने जे दौर्मनस्य, म्हणजे मनाची खिन्नता, येतं त्याच्या खाली द्वेष दडलेला नसतो, उलट त्याने द्वेष सुटतो. तुला वाईट वाटतंय ते तरंग गेले म्हणून, की स्वभाव बदलायचा राहिला म्हणून? हे दोन वेगळे आहेत, तुझं तूच तपास.

निळाई:
बाबांशी वाद घालू नका ताई, अष्टांगिक मार्ग पाळीन ही पण बावीसातलीच प्रतिज्ञा आहे आणि सम्यक समाधी, म्हणजे ध्यानच, त्याच मार्गात येते, तेवढं त्यांना शांतपणे सांगा. माझ्या मते खरी अडचण एकटेपणाची आहे, शिबिरात सगळे सोबत बसतात, घरी आलं की एकटा जीव. बुद्धांच्या काळातल्या मेघिय भिक्खूंचं असंच झालं, भगवंत थांब म्हणत असताना किमिकाला नदीकाठच्या आमराईत एकटेच ध्यानाला गेले आणि तिथे काम, द्वेष, हिंसा असले विचार इतके आले की परत आले. भगवंतांनी चित्त पिकायला पाच गोष्टी सांगितल्या, त्यात पहिली कल्याणमित्र. आपण मात्र पहिली सोडून बाकीच्या करत बसतो.
आणि एक विनंती, बाबासाहेबांनी संकल्प केला त्या कमाटीबागेतल्या संकल्पभूमीचा दाखला देऊन कोणी ताईंना जिद्द शिकवायला येऊ नका. १९१७ साली बाबासाहेबांना ह्याच शहरात जात लपवून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं आणि तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. ते समाजाने दिलेलं दुःख आहे, आपल्या गुडघ्यादुखीच्या पंक्तीला ते बसवू नये.

मांजलपूरकर:
काकू, तपासलं, बरंचसं तरंगांचंच आहे 🙈 पण सगळं नाही. निळाई, तुमचं एकटेपणाचं अगदी पटलं. रविवारी सकाळी कोणी एकत्र बसतं का इकडे? कमाटीबागेत जमवूया का?

फतेहगंज_काकू:
बागेत नको गं, सकाळी तिथे चालणारे नि हसणारे क्लब, कोण बसू देतंय. माझ्याकडे हॉल रिकामा असतो, सातला या, आसनं आपापली आणा. भाऊ, तुम्ही पेंगलात तर कान मी ओढणार.