लंडन-टोकियो: उड्डाणाचा खरा वेळ कसा काढायचा? मदत हवी आहे

लंडन ते टोकियो हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं अंतर साधारण ९,६०० किमी भरतं. त्यासाठी हॅवरसाइन सूत्र (दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचं अंतर काढणारं), पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी. (अक्षांश-रेखांश आधी अंशांतून रेडियनमध्ये (कोन मोजण्याचं दुसरं एकक) बदलायचे, नाहीतर उत्तर भलतंच येतं.) ताशी ९०० किमी धरले की १० तास ४० मिनिटं, वर धावपट्टी, चढण-उतरण यांची ४० मिनिटं. झाले ११ तास २०.

पण २०२२ पासून रशियाचं आकाश बऱ्याच कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे त्यांची विमानं १३-१४ तास घेतात. वळसा धरून तुकड्यातुकड्याने अंतर जोडायचं, इथवर ठीक. मधले बिंदू किती आणि कुठले घ्यावेत?

दुसरी अडचण वाऱ्याची. जेट प्रवाह (विमानांच्या उंचीवरचा वेगवान वारा) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पाठीशी ताशी १०० किमी वारा असेल तर वेग १,०००, समोरून आला तर ८००. जाण्यायेण्याला सरसकट ९०० धरणं चूकच, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. महिनावार सरासरी वारा कुठून घेता? तिकिटावरच्या वेळांवरून ताळा करताना दोन्ही शहरांच्या घड्याळांत हिवाळ्यात ९ आणि उन्हाळ्यात ८ तासांचा फरक धरला आहे.