पर्सेप्ट्रॉन मेला की मारला?

पाटीपेन्सिल:
मेंदूतल्या पेशींच्या धर्तीवर बांधलेल्या जाळ्यांचं (न्यूरल नेटवर्क) संशोधन १९७०च्या दशकात थंडावलं. त्याचं खापर मी या जाळ्यांच्या मर्यादा दाखवणाऱ्या, मिन्स्की-पॅपर्ट या संशोधकांच्या १९६९च्या ‘पर्सेप्ट्रॉन्स’ या पुस्तकावर फोडतो. पर्सेप्ट्रॉन म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं असं जाळं, आणि रोझेनब्लाट यांचं मार्क १ हे पर्सेप्ट्रॉन-यंत्र चालत होतं: २०×२० असे ४०० फोटोसेल (प्रकाश टिपणारे), मध्ये ५१२ घटक, शेवटी ८ आउटपुट. भार (कुठल्या इनपुटला किती वजन द्यायचं तो आकडा) म्हणजे मोटरने फिरणारे पोटेन्शिओमीटर (विजेचा रोध कमी-जास्त करणाऱ्या खुंट्या). उत्तर चुकलं तरच फिरवायचे. असं यंत्र एक्सॉरच्या (दोन इनपुटपैकी नेमकं एक चालू असेल तरच उत्तर १) चार ओळींवरून मोडीत काढलं.

उंबरठा:
असहमत. त्या चार ओळी मांडून बघा. भार क आणि ख, उंबरठा उ. बेरीज उ-च्या वर गेली तर उत्तर १. एकच इनपुट चालू असताना १ हवं, म्हणून क > उ, ख > उ. दोन्ही बंद असताना ० हवं, म्हणजे उ शून्याखाली नाही. मग क + ख उ-च्या वर जाणारच, आणि दोन्ही चालू असताना तर ० हवंय! भार कितीही फिरवा, जमत नाही.

पाटीपेन्सिल:
हे एका थराचं झालं. मार्क १मध्ये मधला थर होता. ‘दोन्ही चालू’ एवढंच ओळखणारा एक घटक तिथे असला की एक्सॉर सुटतो.

उंबरठा:
असला की! तो थर शिकतच नव्हता, शिकायचा फक्त शेवटचा. आणि पुस्तकाचा खरा घाव एक्सॉर नव्हेच (सगळे तेवढंच उगाळतात). पेटलेले ठिपके सम की विषम हे ठरवायला निदान एका घटकाला पडद्यावरचे सगळे ठिपके बघावे लागतात. ४००च्या ४००.

जुनी_तार:
मधला थर शिकवायचा कसा, अडलं होतं ते तिथे. घटकाचं उत्तर ० किंवा १, पायरीसारखं. भार किंचित हलवला तरी उत्तर ढिम्म, मग चुकीत कुणाचा वाटा किती ते कळणार कसं? विड्रो-हॉफ यांचं अडॅलाइन (१९६०), तसंच एक शिकणारं यंत्र, पायरीच्या आधीच्या बेरजेवर चूक मोजायचं, पण एकाच थरापुरतं. पायरीच्या जागी गुळगुळीत वक्र घेतला की चूक मागच्या थरांपर्यंत नेता येते. रुमेलहार्ट, हिंटन, विल्यम्स यांनी १९८६मध्ये ते लोकांच्या गळी उतरवलं.

पाटीपेन्सिल:
म्हणजे १७ वर्षांनी. बहुस्तरीय जाळ्यांकडे वळणं निष्फळ ठरेल, हा अंदाज त्याच पुस्तकात आहे, सिद्धता नाही. प्रमेयांच्या पंगतीत बसल्यामुळे तोही प्रमेय म्हणून खपला. उत्तर द्यायला रोझेनब्लाट उरले नाहीत; १९७१मध्ये बोटीच्या अपघातात गेले.

उंबरठा:
अंदाज चुकला, मान्य. पण रोझेनब्लाट यांना पैसे पुरवणाऱ्या अमेरिकी नौदलाने १९५८मध्ये पत्रकारांना काय सांगितलं? यंत्र चालेल, बोलेल, स्वतःसारखं दुसरं घडवेल. प्रत्यक्षात पर्सेप्ट्रॉन चालवणाऱ्या आयबीएम ७०४ संगणकाला ५० प्रयत्नांनंतर डावं-उजवं कळलं होतं. पैसे देणारा कधीतरी हिशेब मागणारच.

जुनी_तार:
हिशेब जाळीवाल्यांकडेच मागितला असं नाही. अमेरिकेत यंत्र-भाषांतराचा पैसा अल्पॅक या सरकारी समितीच्या १९६६च्या अहवालाने आटला, ब्रिटनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनावर टीका करणारा लाइटहिल यांचा अहवाल १९७३चा. हे पुस्तक नसतं तरी तो दुष्काळ आलाच असता.