गाडीतल्या नेव्हिगेशनवर दर वेळी येणारी ‘सहमत’ची सूचना: काढता येते का?

सिंहगडरोड

गाडी २०१६ ची सेडान, ऑटोमॅटिक, चावी फिरवून सुरू होणारी. नेव्हिगेशन कारखान्यातूनच बसवून आलेलं, नकाशा एसडी कार्डावर. गाडी सुरू केली की आधी लोगो, मग पडदाभर इंग्रजी मजकूर: चालवताना पडद्याकडे पाहू नका, रस्त्यावरच्या पाट्या प्रमाण माना, नकाशा जुना असू शकतो. खाली एकच बटण, ‘सहमत’. ते दाबल्याशिवाय ना नकाशा उघडतो, ना रेडिओचं स्टेशन बदलता येतं. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून वाहत्या रस्त्याला लागायची वेळ आणि हे बटण दाबायची वेळ रोज एकच येते. सुरक्षेसाठीची सूचनाच नेमक्या त्या क्षणी नजर खेचते, हे मला पटत नाही.

तीन प्रश्न:

१. ही सूचना कायमची बंद करता येते का?
२. महिनाभरापासून ती एकाच वेळी दोनदा येते. चावी फिरवल्यावर एकदा, इंजिन सुरू झाल्यावर पुन्हा. हा बिघाड आहे का?
३. अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो, “हँडब्रेकची वायर अर्थ करतो, सगळी कटकट जाईल.” करून घ्यावं का?

बोनेटखाली

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो दुरुस्तीचा विषय आहे.

बऱ्याच गाड्यांत स्टार्टर फिरत असताना अ‍ॅक्सेसरीचा पुरवठा क्षणभर तोडलेला असतो, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद स्टार्टरला मिळते. चांगलं युनिट (डॅशमधली नेव्हिगेशन-म्युझिकची पेटी) एवढा क्षण तग धरतं. पण बॅटरी थकली असेल तर कायमच्या पुरवठ्याचं व्होल्टेजही खाली कोसळतं, युनिट रीसेट होतं आणि सूचना पहिल्यापासून येते. आधी एकदा येत होती आणि आता दोनदा येते, एवढ्यावरून माझा संशय सरळ बॅटरीवर आहे.

मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर लावा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडून आतला दिवा लागायच्या आत, बॅटरीच्या टोकांवर मोजा. १२.६ असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मग मीटर तसाच धरून दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा १० च्या वर राहिला तर ठीक, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी किंवा जोडणी कमकुवत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं, तेवढं नसेल तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं जनित्र) बघावा लागेल.

बॅटरी बदलायच्या आधी क्लॅम्प तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर, आणि स्टार्टर मारा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्या सांध्यात आहे. आधी निगेटिव्ह काढा, पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा. बॅटरी सोडण्यापूर्वी म्युझिक सिस्टिमचा कोड मॅन्युअलच्या पाकिटात आहे ना, हे बघून ठेवा. काही युनिटं पुरवठा तुटला की तो कोड मागतात. काचांचं एका झटक्यात वर जाणंही पुन्हा शिकवावं लागतं: काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद धरून ठेवायचं.

तोपर्यंतचा उपाय: चावी ‘ऑन’वर ठेवून सूचना दाबत बसू नका. आधी इंजिन सुरू करा, मग एकदाच दाबा.

तारजोड_सांगली

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे: करून घेऊ नका.

ती युक्ती बाहेरून बसवलेल्या युनिटची आहे. उदाहरणार्थ पायोनिअरच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) फिकट हिरवी वायर पार्किंग ब्रेकच्या स्विचला जाते. ब्रेक ओढला की ती अर्थ होते, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडली जाते, आणि युनिट समजतं की गाडी उभी आहे. दुकानदार ती थेट बॉडीला टेकवतो, मग चालत्या गाडीत व्हिडिओही दिसतो आणि कीबोर्डही उघडतो. म्हणजे जे कुलूप खरोखर जीव वाचवतं तेच निघतं. डिस्क्लेमर, म्हणजे ती ‘सहमत’ची सूचना, मात्र तिथेच राहतं, कारण ते सॉफ्टवेअर सुरू होताना येतं, ब्रेकच्या वायरवर अवलंबून नसतं.

कारखान्याच्या युनिटला तर बहुधा अशी सुटी वायर नसतेच. वेग आणि गिअर त्याला कॅन बसवरून (गाडीतले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या तारांवरून) कळतात. काही जुन्या गाड्यांत वेगाची वेगळी पल्स वायर असते आणि काही कारागीर ती कापतात. तिचं नुकसान लगेच लक्षात येत नाही. बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल नसतो, तेव्हा कारखान्याचं नेव्हिगेशन हीच पल्स आणि आतला जायरो (वळण ओळखणारा सेन्सर) यांच्या आधारे बाण पुढे सरकवतं. वायर कापली की द्रुतगती मार्गावर भातणच्या किंवा कामशेतच्या बोगद्यात बाण गोठतो. वेगाप्रमाणे आपोआप वाढणारा आवाजही बंद पडतो.

बाहेरचं युनिट असलेल्यांसाठी अजून एक. सूचनेबरोबर भाषा, घड्याळ, रेडिओची स्टेशनंही रोज पुसली जात असतील तर युनिटला कायमचा पुरवठा मिळत नाहीये. पिवळी वायर कायम १२ व्होल्टवर हवी, लाल फक्त चावी लावल्यावर. युनिटमागच्या आयएसओ (प्रमाणित) प्लगच्या पॉवरवाल्या कप्प्यात पिन ४ कायमची आणि पिन ७ चावीची, पण काही युरोपीय गाड्यांत या दोन्ही उलट असतात. चावी काढून पिन ४ मोजा. शून्य आलं आणि पिन ७ वर १२ आलं, तर हार्नेसवरच्या लाल-पिवळ्या वायरींचे बुलेट कनेक्टर अदलाबदल करा. दहा मिनिटांचं काम आहे. पिवळी आणि लाल एकत्र पिळून चावीच्या पुरवठ्यावर टाकलेली बसवणी फार दिसते, आणि अशी गाडी रोज नव्यासारखी सगळं विचारत राहते.

सिंहगडरोड

मोजलं. सकाळी १२.१, स्टार्टरला ८.९, चालू असताना १४.१. खुंट आणि क्लॅम्पमध्ये ०.०५. बॅटरीवरचा महिना बघितला, सव्वाचार वर्षं झाली.

बोनेटखाली

अल्टरनेटर आणि सांधा दोन्ही चांगले, बॅटरी संपली. तेवढ्याच अँपिअर-अवरची आणि तेवढ्याच कोल्ड क्रँकिंग अँपची (थंडीत स्टार्टरला देता येणाऱ्या करंटची) घ्या. टर्मिनल डावं की उजवं ते जुन्या बॅटरीवरून बघून जा, नाहीतर केबल पुरत नाही. दुकानात जुनी परत केली की किंमत कमी होते. दुसऱ्यांदा येणारी सूचना याने जावी. पहिली राहीलच.

कोड_आणि_कॉफी

आता पहिला प्रश्न. ‘पुन्हा दाखवू नका’ असा पर्याय कंपन्या का देत नाहीत, ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठे शोधायचं ते कळेल.

‘सहमत’ दाबणारा माणूस आणि उद्या गाडी चालवणारा माणूस एकच असेल, हे गाडीला ठाऊक नसतं. घरातला दुसरा चालक असेल, भाड्याची गाडी असेल, विकली गेलेली असेल. उद्या अपघाताचा दावा उभा राहिला तर ‘चालकाला सांगितलं होतं’ हे कंपनीला दाखवायचं असतं, म्हणून प्रत्येक इग्निशनला नवी संमती. त्यामुळेच ज्या नव्या गाड्यांत चालकाचं प्रोफाइल असतं, तिथे काही ठिकाणी ही संमती प्रोफाइलला चिकटते. तुमच्या सेटिंगमध्ये ‘ड्रायव्हर’, ‘प्रोफाइल’, ‘प्रायव्हसी’ या नावाचं काही असेल तर ‘गेस्ट’मधून बाहेर पडून स्वतःचं प्रोफाइल बनवून बघा.

दुसरी चाचणी फुकट आहे. गाडी उभी असताना सूचना आली की १५ सेकंद काहीही दाबू नका. बऱ्याच प्रणालींत ती आपोआप जाते आणि लोक सवयीने बटण दाबत राहतात. तशी गेली नाही तर पडद्याऐवजी स्टिअरिंगवरचं सोर्स बदलायचं बटण किंवा पडद्याखालचं ‘रेडिओ’चं बटण दाबून बघा. काही युनिटांत सूचना फक्त नकाशाच्या पानाशी बांधलेली असते. गाडी बंद करताना शेवटचं पान रेडिओ ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ती नकाशा उघडेपर्यंत येतच नाही.

कोडिंगने, म्हणजे गाडीच्या संगणकातली मूल्यं बदलून, जाते का? काही गाड्यांत हो. सर्वांत स्वच्छ उदाहरण बीएमडब्ल्यूच्या सीआयसी आणि एनबीटी पिढीच्या हेड युनिटचं. तिथे ‘लीगल डिस्क्लेमर टाइम’ नावाचं मूल्यच ठेवलेलं आहे, ते ‘काइन एलडी’ केलं की सूचना बंद. जर्मनमध्ये ‘काइन’ म्हणजे ‘एकही नाही’, आणि ‘एलडी’ म्हणजे लीगल डिस्क्लेमर. ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारा) आणि फोनवरच्या कोडिंग अ‍ॅपने काही मिनिटांचं काम, पण क्रम पाळा: इग्निशन चालू, इंजिन बंद, बॅटरीला चार्जर जोडलेला. आधी मूळ कोडिंगचा बॅकअप. एका वेळी एकच मूल्य बदला, लिहा, युनिट रीस्टार्ट होऊ द्या, मग तपासा. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट राहतं, आणि ८.९ ला कोसळणारी बॅटरी असताना हा प्रयोग मुळीच करू नका. वर्कशॉपने नवं सॉफ्टवेअर चढवलं की कोडिंग मूळपदावर जातं, पुन्हा करावं लागतं.

तुमच्या गाडीत असं मूल्य आहे की नाही, हे तिच्या कोडिंगच्या यादीत ‘डिस्क्लेमर’, ‘लीगल’, ‘वॉर्निंग’ शोधून कळेल. सापडलं नाही तर दुसऱ्या मॉडेलची फाइल चढवू नका.

यारानदीकाठ

इकडे मेलबर्नमध्ये माझ्दा भरपूर आहेत, म्हणून त्यांचं सांगतो. पहिल्या पिढीच्या माझ्दा कनेक्टमध्ये सुरू होताना काही सेकंद सूचना येते आणि आपोआप जाते. हौशी मंडळींनी यूएसबी पेनड्राइव्हने ती काढायचे बदल बनवले, पण ५९ क्रमांकाच्या शेवटच्या आवृत्त्यांपासून कंपनीने ती वाट बंद केली. आता सिरिअल पोर्टपर्यंत पोचायला डॅश उघडावा लागतो. फाइल चुकली तर युनिट लोगोवरच फिरत राहतं. चार सेकंदांसाठी एवढी जोखीम घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याच पॅकेजमध्ये ‘चालताना टचस्क्रीन चालू’ असाही बदल असतो. या गाड्यांत वेग साधारण ८ किलोमीटरच्या वर गेला की टच बंद होतो आणि मधल्या गोल नॉबने काम करायचं असतं. तो नॉब न बघता वापरता येतो, हाताला टकटक मोजता येते. म्हणून टचचं कुलूप काढू नका.

रिव्हर्सचा मुद्दाही बघून घ्या. गाडी सुरू करून लगेच रिव्हर्स टाकला तर कॅमेऱ्याचं चित्र सूचनेच्या वर यायला हवं. अमेरिकेत तर मे २०१८ पासूनच्या नव्या गाड्यांत रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे असा नियम आहे. तुमच्याकडे ‘सहमत’ दाबेपर्यंत कॅमेरा अडत असेल तर ती सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे, सॉफ्टवेअर अपडेट मागा.

घाटमाथा

कुलपाबद्दल वर दोघांनी सांगितलं, त्यामागचे आकडे जोडतो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एका वेळी नजर पडद्यावर २ सेकंदांच्या आत आणि एका कामासाठी एकूण १२ सेकंदांच्या आत असावी, असं धरलं आहे. जपानी वाहन उत्पादक संघटनेच्या २००४ च्या तत्त्वांत एकूण मर्यादा ८ सेकंदांची आहे. ताशी १०० च्या वेगाला २ सेकंदांत गाडी ५५ मीटर जाते. पत्ता टाइप करायला लागणारा वेळ यात बसतच नाही, म्हणून कीबोर्ड चालताना बंद. डिस्क्लेमरमुळे हे काहीच साधत नाही, ते सगळं कुलपामुळे साधतं. त्यामुळे सूचना घालवायचा प्रयत्न जरूर करा, कुलपाला हात लावू नका.

तुमच्या युनिटमध्ये अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर रोजचं काम तिकडे न्या. फोनवर अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये ‘आपोआप सुरू करा’ याला ‘नेहमी’ ठेवा, आणि फोन लॉक असताना सुरू होण्याची परवानगी द्या. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कारप्ले, तुमची गाडी, तिथे लॉक असताना परवानगी. केबल डेटावाली हवी. नुसती चार्जिंगची असेल तर फोन चार्ज होतो पण पडद्यावर काही येत नाही. कंपनीची सूचना याआधी एकदा येऊ शकते, पण नकाशाची वेगळी संमती द्यावी लागत नाही, आणि घरात बसून फोनवर शोधलेलं ठिकाण तिथे आयतं मिळतं. ताम्हिणी, वरंध, आंबोलीसारख्या घाटांसाठी नकाशा आधी ऑफलाइन उतरवून ठेवा.

युनिटमध्ये ही सोय नसेल तर डॅशवर होल्डर लावून फोन वापरा. ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांत चालकाला फोन फक्त मार्ग पाहण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. हातात धरून बोलण्यासाठी किंवा मेसेजसाठी वापरला तर कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. होल्डर काचेच्या मधोमध नको, स्टिअरिंगच्या बाजूला खाली, एअरबॅगच्या झाकणापासून दूर.

सिंहगडरोड

नवी बॅटरी बसवली, स्टार्टरला १०.६ दिसतं. सूचना आता एकदाच येते. १५ सेकंदांची चाचणी केली, आपोआप जात नाही, पण शेवटचं पान रेडिओ ठेवलं तर नकाशा उघडेपर्यंत येत नाही. रिव्हर्सचा कॅमेरा सूचनेच्या वर येतो. ब्रेकच्या वायरचं रद्द केलं.