प्लेटिंगच्या जिगवरचं पीव्हीसी कोटिंग सुटतंय, पावडर कोटिंग करू का?

रबाळे_प्लेटर:
आमचं रबाळे एमआयडीसीत निकेल-क्रोमचं छोटं युनिट आहे. जिगना (टाकीत बुडवताना माल ज्याच्या हुकांना टांगतो ते लोखंडी सांगाडे) बाहेरून प्लॅस्टिसॉल (म्हणजे पातळ पीव्हीसी, तापवलं की घट्ट होतं) मारून घेतो, पावसाळ्याआधी केलेला लॉट आत्ताच हुकाजवळ सुटायला लागलाय, ब्लेडने जरा चिरलं तर आतून पिवळं पाणी आलं आणि खालचं लोखंड काळं पडलेलं. कोटिंगवाला म्हणतो तुमची टाकी जास्त गरम असते, पण निकेलची टाकी आम्ही ६० डिग्रीच्या वर जाऊच देत नाही. पावडर कोटिंग स्वस्त पडतं, ते करून बघू का?

वागळे_इस्टेट_जिगवाला:
पावडर अजिबात नको भाऊ, तो थर ६०-८० मायक्रॉनचा, प्लॅस्टिसॉल मिलिमीटरमध्ये असतं, ॲसिडमध्ये रोज बुडणाऱ्या जिगला तेच लागतं. आणि ६० डिग्रीला ते असं सुटत नाही. त्याला सरळ विचारा प्रायमर मारला होता का. प्लॅस्टिसॉल लोखंडाला स्वतःहून चिकटत नाही, प्रायमर नसेल तर नुसतं मोज्यासारखं चढून बसतं, मग जिथे कोटिंग संपतं तिथून म्हणजे हुकापासूनच पाणी आत शिरतं, तुमचं तेच झालंय. ब्लास्टिंग (कोटिंगआधी बारीक कणांचा मारा करून लोखंड साफ करणं) केलं का, वेल्डिंगचे दाणे घासले का हेही बघा, धारदार कडेवर थर पातळच बसतो.

आणि ते पिवळं पाणी क्रोमचं आहे, हे जास्त वाईट. जिग पुढच्या फेरीला परत निकेलमध्ये जाणार, तिथे क्रोम अगदी थोडं गेलं तरी निकेल पापुद्र्यासारखं निघतं. सुटलेले जिग आजच लाईनवरून काढा, टाकीचं सॅम्पलही तपासून घ्या.

ऐरोलीकर:
एक कळकळीने सांगते, जुनं कोटिंग काढायला पोरं गॅसकटर लावतात, ते करू देऊ नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सुटतो, छातीत जातो. ब्लेडने उभं चिरून सोलायचं, कोटिंग असलेल्या जागी वेल्डिंगपण नाही.

रबाळे_प्लेटर:
बरं झालं सांगितलंत, आमच्याकडे जाळूनच काढतात, आजपासून बंद. प्रायमरचं विचारलं तर तो उडवाउडवी करतोय. बाकीच्या जिगना बारीक चिरा आहेत, पॅच मारून चालतील का?

वागळे_इस्टेट_जिगवाला:
आत कोरडं असेल तरच. चिरेच्या बाजूला अंगठ्याने दाबा, पाणी आलं तर पॅच मारू नका, आतलं क्रोम आतच राहील आणि लोखंड खात बसेल. तो जिग पूर्ण सोलून नव्याने करायचा.