स्टिल, यट आणि ऑलरेडी यात नेमका फरक काय?

निळीशाई:
कोणीतरी हे नीट समजावून सांगा प्लीज. मराठीत आपण "तो अजून झोपलाय" म्हणतो आणि "तो अजून आला नाही" पण म्हणतो, दोन्हीकडे अजूनच, पण इंग्लिशमध्ये एकीकडे स्टिल आणि दुसरीकडे यट. बोलताना ऐनवेळी गोंधळ होतो. वर "ही स्टिल हॅजन्ट कम" असंही ऐकलंय, मग तिथे यट का नाही?? आणि ऑलरेडी कुठे वापरायचं? ग्रामरच्या व्याख्या नकोत.

रातकिडा:
जे आधीपासून चालू होतं आणि थांबलेलं नाही तिथे स्टिल, म्हणून "ही इज स्टिल स्लीपिंग". जे व्हायचंय पण झालं नाही तिथे यट, "ही हॅजन्ट कम यट", ते बहुतेक नकारात नाहीतर प्रश्नात येतं आणि शक्यतो वाक्याच्या शेवटी. ऑलरेडी म्हणजे होऊन गेलंय, बरेचदा वाटलं त्यापेक्षा लवकर.

पाऊलवाट:
तू ऐकलंस ते वाक्य बरोबरच आहे, फक्त सूर वेगळा. यट लावलं की साधी माहिती, आला नाही एवढंच. स्टिल लावलं की "एव्हाना यायला हवा होता ना" हा वैताग किंवा काळजी त्यात येते. म्हणून मेलमध्ये "यू स्टिल हॅवन्ट सेंट द फाइल" लिहिलंस तर समोरच्याला ते झापल्यासारखं वाटू शकतं, त्यापेक्षा "आय हॅवन्ट रिसीव्ह्ड द फाइल यट" बरं. आणि जागा सांभाळ हं, स्टिल हॅजन्टच्या आधी येतं, "ही हॅजन्ट स्टिल कम" कानाला खटकतं.
प्रश्नातही तसंच आहे. "हॅव यू फिनिश्ड यट?" म्हणजे झालं का एवढंच, "हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?" म्हणजे अरे एवढ्यात झालं पण!

रातकिडा:
+१. अमेरिकन लोक "डिड यू ईट यट?" असं साध्या भूतकाळातही सर्रास बोलतात, ब्रिटिश इंग्लिशमध्ये तिथे सहसा हॅव येतं. ऐकून गोंधळू नकोस.

निळीशाई:
मेलचं भारी सांगितलंत, हे कुणी सांगतच नाही! मग "ही इजन्ट स्लीपिंग यट" आणि "ही इजन्ट स्लीपिंग एनीमोर" यात काय फरक?

पाऊलवाट:
यट म्हणजे अजून झोप लागलेली नाही. एनीमोर म्हणजे झोपला होता, आता उठलाय.